कासरा आपल्या हातात, गाडी कोणाची? मसूर ते मोबाइल ॲप

"आता कुठे राहिली जात? गाडीत बसताना ड्रायव्हरची जात कोण विचारतं?" आरक्षणावर वाद सुरू झाला की हे वाक्य हमखास कानावर येतं. त्याला जोडूनच दुसरं येतं. "नोकरीच्या मागे कशाला लागता? कर्ज काढा, गाडी घ्या, ॲपवर लावा, स्वतःचे मालक व्हा." आज आपल्या वस्त्यांमधली शिकलेली पोरं रिक्षा, टॅक्सी, टेम्पो चालवतात, मोटरसायकलवरून घरोघर जेवण पोहोचवतात. कष्टाच्या कमाईत कमीपणा काहीच नाही. पण "मालक व्हा" हा सल्ला तपासायचा असेल तर गाडी आणि जात यांचा इतिहास आधी पाहावा लागेल. तो इतिहास बाबासाहेबांनी स्वतःच्या अनुभवातून लिहून ठेवला आहे.

१९०१ साल. बाबासाहेबांचे वडील खटाव तालुक्यात कॅशियर होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावं म्हणून सरकारने तिथे तलाव खोदण्याचं काम काढलं होतं. वडिलांना भेटायला छोटा भीमराव भाऊ आणि भाचरांसोबत साताऱ्याहून रेल्वेने निघाला आणि मसूर स्टेशनवर उतरला. अंगावर चांगले कपडे होते, खिशात पैसे होते. न्यायला मात्र कोणी आलं नव्हतं, कारण मुलं येणार असल्याचं पत्र वडिलांच्या हाती पडलंच नव्हतं. स्टेशनमास्तरने चौकशी केली. मुलांनी आपण महार असल्याचं सांगताच त्याचा चेहरा बदलला. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या, पण मुलं दुप्पट भाडं द्यायला तयार असूनही एकही गाडीवान त्यांना घेऊन जाईना.

शेवटी तोडगा निघाला. मुलांनी दुप्पट भाडं द्यायचं, गाडीही त्यांनीच हाकायची आणि गाडीवानाने विटाळ नको म्हणून सोबत पायी चालायचं. हा सौदा नीट समजून घ्या. गाडी गाडीवानाची, भाडंही त्याचंच, आणि तेही दुप्पट. श्रम मात्र गिऱ्हाइकाचे, आणि तेही दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांचे. पुढे वाटेत तोच गाडीवान एकाएकी गाडीत चढून बसला आणि मुलांच्या हातून कासरा घेतला. ज्या विटाळाच्या नावाखाली दुप्पट पैसे घेतले, तो विटाळ सोयीनुसार बाजूलाही ठेवता येत होता. भाडं मात्र दुप्पटच राहिलं. मुलांना रात्रभर पाणी मिळालं नाही ते वेगळंच.

दुसरा प्रसंग १९२९ चा. बाबासाहेब तोवर बॅरिस्टर झाले होते, महाडचा सत्याग्रह होऊन गेला होता. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते. त्या कामावरून परतताना ते चाळीसगावला उतरले. महारवाड्यात त्यांना न्यायला कोणी टांगेवाला तयार होईना. आपल्या नेत्याला पायी चालवणं तिथल्या महार बांधवांना सहन होणारं नव्हतं. टांग्याचा मालक म्हणाला, टांगा भाड्याने देतो, पण मी हाकणार नाही. तेव्हा आपल्यातल्याच एकाने लगाम हातात घेतला. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. आधी एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. मग नदीवरच्या मोरीवर चाक दगडात अडकलं, टांगा उलटला आणि बाबासाहेब खाली फेकले गेले. त्यांचा पाय मोडला.

हा प्रसंग सांगताना आपण बहुधा टांगेवाल्याच्या मुजोरीवर थांबतो. बाबासाहेबांनीही तो मुद्दा मांडला आहे. टांगेवाला समाजात कितीही खालच्या पायरीवर असला, तरी अस्पृश्य बॅरिस्टरपेक्षा तो स्वतःला वरचा समजतो. पण माझ्या मते इथे आणखी एक प्रश्न आहे. आपल्या माणसाला टांगा हाकता का येत नव्हता? तो कमअक्कल होता म्हणून नव्हे, तर ते कसब त्याच्या हाती कधी पडलंच नव्हतं. गावगाड्यात महाराच्या वाट्याला आलेलं काम पायाचं होतं: निरोप घेऊन धावणं, सरकारी अंमलदाराचं ओझं डोक्यावरून वाहणं, त्याच्यापुढे चालणं. मोबदला म्हणजे वतनाचा जमिनीचा तुकडा आणि बलुत्याचं धान्य. वाहन हाकून रोख पैसे कमावणं हा वेगळाच व्यवहार होता, आणि त्याच्या दारात जात उभी होती. म्हणून वेठीला बांधून ठेवणाऱ्या महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं. ते वतन कायद्याने संपायला १९५८ उजाडावं लागलं.

"शहरात आणि यंत्रापुढे जात टिकत नाही" असं म्हणणाऱ्यांनी फेब्रुवारी १९३८ ची मनमाडची रेल्वे कामगार परिषद आठवावी. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांनी तिथेच मांडलं. त्याच भाषणात त्यांनी दाखवून दिलं की रेल्वेत अस्पृश्य कामगार गँगमनच राहतो, त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचंही काम करावं लागतं आणि त्या घरात अस्पृश्य चालत नाही. मुंबईच्या गिरण्यांतही तीच गत होती. जास्त पगाराच्या विणकाम खात्याची दारं अस्पृश्यांना बंद होती, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे. वाफेचं यंत्र आलं, वीज आली, तरी जातीने यंत्राशेजारीही आपली जागा करून घेतली.

मग ही दारं उघडली कशी? बाजाराने आपणहून उघडली नाहीत. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे सरकारी महामंडळात भरतीचे नियम आले, आरक्षण आलं, आणि बौद्ध, मातंग, चर्मकार घरांतली मुलं खाकी गणवेश घालून स्टिअरिंगवर बसली. ठरलेला पगार, रजा, भविष्य निर्वाह निधी यांच्या जोरावर त्या घरांतली पुढची पिढी कॉलेजात गेली. कामाच्या तासांचंही तसंच. मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी मांडलेल्या विधेयकाने १९४६ मध्ये कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने हेच तत्त्व ड्रायव्हरलाही लावलं: दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास. चाळीसगावला जो लगाम नवख्या हातात घाईने द्यावा लागला, तो प्रशिक्षण, परवाना आणि हक्क यांसह हाती आला तो या मार्गाने.

आज नेमका हाच मार्ग बंद होतो आहे. बेस्ट आणि एसटीत भाडेतत्त्वावरच्या बस येत आहेत. त्यांचा ड्रायव्हर महामंडळाचा नसतो, कंत्राटदाराचा असतो. आणि कंत्राटदाराला आरक्षण लागू नाही. २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन महिनोन्‌महिने चाललेल्या एसटी संपातल्या विलीनीकरणाच्या मागणीकडे आपण आपला प्रश्न म्हणून किती पाहिलं, हेही स्वतःला विचारायला हवं.

दुसरीकडे ॲप. इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ॲपवर नोंदणी करताना कोणी जातीचा दाखला मागत नाही. स्टँडवर ज्याला उभं राहू दिलं जात नव्हतं त्यालाही ॲप भाडं देतं. हे पाऊल पुढचंच आहे. पण आता मसूरचा सौदा पुन्हा वाचा. गाडीचा हप्ता ड्रायव्हरचा, डिझेल त्याचं, विमा त्याचा, अपघात झाला तर हाडंही त्याचीच. भाड्याचा दर मात्र कंपनी ठरवते, आपला वाटा आधी कापून घेते आणि मनात आलं की आयडी बंद करते. रस्ता तिचा नाही, गाडी तिची नाही, तरी कमाईचा कासरा तिच्याच हातात. याला मालकी म्हणत नाहीत.

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने देशात २०२०-२१ मध्ये ७७ लाख गिग कामगार असल्याचा अंदाज दिला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांचा उल्लेख आला, पण कामगार म्हणून पूर्ण दर्जा मिळाला नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या ड्रायव्हरांना कामगाराचे हक्क दिले: किमान वेतन आणि भरपगारी रजा. राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी वेगळा कायदा केला. म्हणजे हे होऊ शकतं. जिथे कामगार संघटित झाले तिथे झालं.

म्हणून वस्तीतल्या तरुणांना मी गाडी घेऊ नका असं म्हणत नाही. जरूर घ्या. पण कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी हप्ता, डिझेल आणि कंपनीचा वाटा वजा जाऊन हातात काय उरतं याचा हिशोब मांडा. परवाना आणि बॅज स्वतःच्या नावावर ठेवा. आणि एकटे राहू नका, युनियनमध्ये जा. आपल्या संघटनांनीही १४ एप्रिलच्या मिरवणुकीची गाडी सजवताना, ती गाडी चालवणाऱ्या भावाला आठवड्याची सुट्टी मिळते का, हा प्रश्न अजेंड्यावर घ्यावा. कंत्राटी भरतीत आरक्षण आणि ॲप ड्रायव्हरला कामगाराचा दर्जा, या दोन मागण्या आंबेडकरी चळवळीच्या आहेत. त्या दुसरं कोणी आपल्यासाठी मांडणार नाही.

मसूरच्या त्या मुलांनी गाडी हाकली तेव्हा त्यांच्यापुढे पर्याय नव्हता. आपल्यापुढे आहे, कारण त्यांच्यातला एक मुलगा पुढे कायदा लिहायला बसला.

जय भीम.