करडईच्या लालाची कुळकथा

लातूरकडे करडई म्हटली की तेल आठवतं, फार तर कोवळ्या पानांची भाजी. काटेरी झाडाच्या फुलांकडे कोण बघतो? पण जगाने करडई जपली ती फुलांसाठीही. प्राचीन इजिप्तमधल्या ममींच्या वस्त्रांत तिचा रंग सापडला आहे, आपल्याकडचं कुसुंबी वस्त्रही त्यातूनच आलं.

रंगाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं की या फुलात दोन रंग आहेत. पिवळा साध्या पाण्यात निघून जातो. लाल खाराच्या पाण्यात उतरतो आणि आंबट पडलं की कापडावर बसतो. प्रयोगशाळा नसताना साधलेली ही निवड मला थोर वाटते.

त्या लालाचं नाव कार्थामिन. १९१० मध्ये कामेताका आणि पर्किन यांनी त्याच्या घडणीला हात घातला, पुढे जपानच्या चिका कुरोदा यांनी. १९२९ मध्ये याच कामावर कुरोदांना डॉक्टरेट मिळाली. त्या काळी जपानी स्त्रीसाठी हे जवळपास अशक्य होतं. तेव्हा रेणू ओळखायचा म्हणजे तो फोडायचा आणि तुकड्यांवरून मूळ रूप ताडायचं. कुरोदांच्या नजरेत रेणू निम्माच आला.

उरलेला निम्मा दिसायला स्पेक्ट्रोस्कोपी यावी लागली. कोणता अणू कोणाच्या शेजारी आहे, हे चुंबकीय क्षेत्रात रेणू न मोडता कळू लागलं. १९७९ मध्ये ओबारा आणि ओनोदेरा यांनी खरी घडण मांडली: एकवीस-एकवीस कार्बनचे दोन भाग आणि त्यांना जोडणारा एकच कार्बन, एकूण त्रेचाळीस. प्रत्येक भागातली साखर थेट कार्बनलाच चिकटलेली. हजारो वर्षं वापरात असलेल्या रंगाची ओळख इतकी उशिरा पटली.

ही ओळख बाजारातही कामी येते. केशरात करडईच्या पाकळ्या मिसळल्या तर डोळा फसतो. पण केशरातला क्रोसिन ४४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतो, कार्थामिन ५२० च्या आसपासचा. वर्णपट फसत नाही.

फलधारणा झाल्यावर करडईच्या पाकळ्या लाल होऊन सुकतात. तेव्हा वेचल्या तर दाण्याचं नुकसान होत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’ हा वाण दिला, लातूरला त्याच विद्यापीठाचं गळीतधान्य संशोधन केंद्र आहे. तेलाच्या टक्क्यासोबत पाकळ्यांतला कार्थामिनही मोजून वाण निवडावेत, आणि ते काम मराठवाड्यातच व्हावं.