नळीवरचं नाव

पेन्शनीत महिन्याला अ‍ॅक्रिलिकची एकच चांगली नळी बसते. त्यामुळे रंगाच्या दुकानात मी नळ्यांवरची नावं वाचत उभा राहतो, नि दुकानदार घड्याळ बघत. त्याला काय ठाऊक, एकेका नळीवर अख्खा इतिहास असतो! आत नसतो, ती गोष्ट वेगळी.

आता 'अल्ट्रामरीन' घ्या. म्हणजे समुद्रापलीकडचा. बदख्शानच्या खाणीतला लाजवर्द कुटून हा निळा निघे आणि युरोपात सोन्याशी बरोबरी करी. १८२४ साली फ्रान्समध्ये स्वस्त निळ्यासाठी ६००० फ्रँकांचं बक्षीस लागलं. चिनी माती, सोडा, गंधक भट्टीत घालून गिमे नावाच्या गृहस्थांनी १८२८ साली ते पटकावलं. समुद्र सुटला, नाव राहिलं!

'इंडियन यलो'ची तऱ्हा आणखी न्यारी. मुंगेरजवळ गाईंना आंब्याची पानं चारून त्यांच्या मूत्रापासून तो करतात, असं त्रैलोक्यनाथ मुखर्जींनी १८८३ साली लिहिलं. आजच्या नळीत ना आंबा, ना गाय.

तेव्हा हौशी माणसानं नळीमागचा बारीक अक्षरातला रंगद्रव्याचा क्रमांक वाचावा. मग कागदावर फटकारा मारून वाळेपर्यंत दम धरावा. अ‍ॅक्रिलिकमधलं बंधक द्रव्य ओलं असताना दुधाळ, वाळल्यावर पारदर्शक. म्हणून रंग वाळला की गडद दिसतो.

आमच्या सौ.ना यात नवल वाटलं नाही. म्हणाल्या, "घराण्याचं नाव ऐकून का कुणी मुलगी देतं?"