नकाशावरची तुटक रेघ

प्रवासाला निघण्यापूर्वी यादी आपण सगळेच करतो. ती पुढं हरवते, चुलीत जाते, नाहीतर वहीच्या मागच्या पानावर पडून राहते. पण काही याद्या इतिहासाचा दस्तऐवज होऊन बसतात. त्यातली एक १९०५ सालची आहे. पीठ ३९२ पौंड, म्हणजे सुमारे १७८ किलो. खारवलेलं डुकराचं मांस २०० पौंड. साखर ६० पौंड, तांदूळ १५, मीठ १४, चहा १२, चॉकलेट १२. एकोणीस फूट लांबीच्या, कॅन्व्हासनं मढवलेल्या दोन होड्या. दोन तंबू. अक्षांश मोजायचा सेक्स्टंट, तापमापक, वायुभारमापक, दोन कोडॅक कॅमेरे आणि एक पिस्तूल.

ही यादी मिना हबर्ड या बाईंची. जायचं होतं लॅब्रडॉरच्या आतल्या भागात. कॅनडाच्या पूर्व टोकाचा हा प्रदेश म्हणजे तळी, नद्या, खडक आणि उन्हाळ्यात चावणाऱ्या माश्यांचे ढग. रस्ता नाही, वस्ती विरळ. प्रवासाचं साधन एकच : कनू, म्हणजे वल्ह्यानं चालवायची हलकी, निमुळती होडी. पाणी असेल तिथं ती माणसांना वाहून नेते. धबधबा आडवा आला की माणसांनी तिला डोक्या-खांद्यावर घ्यायचं, सामानाच्या चार फेऱ्या करायच्या आणि पुढच्या पाण्यात पुन्हा सोडायचं. अशा प्रवासात प्रत्येक पौंडाचा हिशेब दोनदा करावा लागतो. जास्त घेतलं तर पाठ मोडते आणि कमी घेतलं तर माणूस उपाशी मरतो.

उपाशी मरणं काय असतं, हे या बाईंना चांगलंच ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांचे पती तसेच गेले होते.

लिओनिडास हबर्ड हे न्यूयॉर्कच्या 'आउटिंग' मासिकाचे सहसंपादक. तरुण, उत्साही, साहसकथांवर वाढलेला माणूस. लॅब्रडॉरच्या पोटातून उत्तरेकडं जावं, वाटेत कॅरिबू हरणांचे प्रचंड कळप पाहावेत आणि परत येऊन त्यावर लिहावं, असा त्यांचा बेत. सोबतीला डिलन वॉलेस हे वकील मित्र आणि जॉर्ज एल्सन हा वाटाड्या. एल्सनचे वडील स्कॉटिश आणि आई क्री या आदिवासी जमातीची. तो जेम्स बे या उपसागराच्या बाजूचा. कनू चालवण्यात तरबेज, पण लॅब्रडॉर त्यालाही नवंच होतं.

१५ जुलै १९०३ रोजी नॉर्थ वेस्ट रिव्हर इथल्या हडसन्स बे कंपनीच्या वखारीवरून तिघे निघाले. अठरा फुटी होडी एकच. उत्तरेकडचा उन्हाळा आधीच थोडका, त्यातला मोठा भाग सरलेला. माशांसाठी धड जाळं मिळालं नाही. मिळालं ते जुनं, विरलेलं. पण वाटेत शिकार मिळेल, मासे मिळतील, ही भिस्त होती. म्हणजे शिदोरीतला मोठा वाटा अजून रानात हिंडत होता आणि पाण्यात पोहत होता!

खरा घात मात्र नकाशानं केला. त्यांच्याजवळ ए. पी. लो या भूगर्भशास्त्रज्ञाचा नकाशा होता. माणूस मोठा. लॅब्रडॉरमधून त्यानं हजारो मैल प्रवास केला होता. पण ग्रँड लेक हे तळं आणि वरचं मिशिकमाउ हे विशाल सरोवर यांना जोडणारी नदी त्यानं स्वतः पाहिली नव्हती. ती त्यानं ऐकीव माहितीवरून तुटक रेघेनं दाखवली होती. तुटक रेघ ही नकाशाकाराची प्रामाणिक कबुलीच असते. इथं मी गेलेलो नाही, असं तो त्यातून सांगत असतो. ही रेघ वाचताना मात्र माणूस ती मनातल्या मनात सलग करून टाकतो.

ग्रँड लेकला प्रत्यक्षात एकाहून जास्त नद्या मिळतात. नकाशात एकच होती. नास्कॉपी ही खरी नदी तळ्याच्या टोकाच्या थोडं अलीकडेच, बेटाच्या आडून येते. तिघांची होडी तिच्या मुखासमोरून पुढं गेली आणि तळ्याच्या टोकाला जी नदी दिसली तिच्यात शिरली. ती होती सुझन : उथळ, खडकाळ, होडीपेक्षा पायांनाच काम देणारी. आठवडेच्या आठवडे त्यांनी होडी ओढली, सामान वाहिलं. सप्टेंबरात एका डोंगरावरून मिशिकमाउचं पाणी दिसलं, पण वारा असा सुटला की होडी पुढं घालता येईना. महिन्याच्या मध्याला परत फिरायचं ठरलं. तोवर शिधा आटला होता आणि थंडी दारात होती.

१८ ऑक्टोबरला हबर्डना पाऊल उचलवेना. तंबूत त्यांना ठेवून दोघे निघाले. जाताना टाकून दिलेलं थोडं पीठ वाटेत सापडलं, बुरशी धरलेलं. ते घेऊन वॉलेस मागं फिरले, पण बर्फाच्या माऱ्यात त्यांना तंबू सापडेना. एल्सन एकटा पुढं गेला. अंगावर चिंध्या, पोटात काही नाही, पूर आलेल्या नद्या त्यानं ओंडके बांधून ओलांडल्या आणि माणसांची वस्ती गाठली. तिथल्या चार शिकाऱ्यांनी जाऊन वॉलेसना जिवंत आणलं. हबर्ड तंबूतच गेले होते.

१९०५ साली वॉलेस यांचं पुस्तक निघालं. त्यातलं आपल्या नवऱ्याचं चित्र मिनाबाईंना पटलं नाही. तो दुबळा होता, अननुभवी होता, असं जगानं समजावं हे त्यांना सोसवेना. नवऱ्याचं अर्धं राहिलेलं काम आपणच पुरं करायचं असं त्यांनी ठरवलं. व्यवसायानं त्या परिचारिका. त्याच वर्षी वॉलेस यांनीही दुसरी मोहीम काढली. दोन्ही तुकड्या एकाच दिवशी, २७ जून १९०५ रोजी, एकाच ठिकाणाहून निघाल्या. वर्तमानपत्रांना शर्यत मिळाली.

यादीतल्या पिठाकडं पुन्हा पाहू. आधीच्या वेळी याच्या निम्मंही नव्हतं, अर्थात तेव्हा माणसं तीन होती आणि आता पाच. एक होडी जाऊन दोन झाल्या. निघायची तारीख अठरा दिवस आधी आली. पण यादीत नसलेली गोष्ट सगळ्यांत मोठी होती : बाईंनी एल्सनलाच सोबत घेतलं. ज्यानं ती चूक पायांनी चालून पाहिली होती, त्यालाच. शिवाय जॉब चॅपीज हा नदीच्या वेगवान पाण्यातला जाणकार, जोसेफ इसरहॉफ, आणि गिल्बर्ट ब्लेक हा त्याच भागातला कोवळा शिकारी. वॉलेसना वाचवायला गेलेल्या चौघांत हा पोरगाही होता.

संकटं याही वेळी आली. नास्कॉपीच्या जोरदार पाण्यात एक होडी उलटली आणि सगळ्या कुऱ्हाडी, तवे, चूल तळाशी गेली. रानात कुऱ्हाड नाही म्हणजे हातच नाहीत. तरीही शिधा शाबूत असल्यानं कुणी परत फिरायची भाषा केली नाही. एकदा बाई एकट्याच टेकडीवर दूर निघून गेल्या. सोबत्यांचा जीव टांगणीला लागला. एक हबर्ड आधीच गेलेला, आता दुसरी गेली तर कुठल्या तोंडानं परतायचं? त्या सापडल्यावर, यापुढं एकटं कुठं जायचं नाही, असा दंडक सोबत्यांनी मालकिणीला घालून दिला. तिनं तो ऐकला.

ऑगस्टमध्ये त्यांनी कॅरिबूंचे अफाट कळप पाहिले. पुढं जॉर्ज नदीवर आदिवासींच्या छावण्या लागल्या. आज ज्यांना आपण इनू आणि नास्कापी म्हणतो, ती ही माणसं. समुद्रावरची वखार किती लांब आहे, हे नकाशा सांगू शकत नव्हता. या लोकांनी सांगितलं : जोरात गेलात तर वाटेत पाचदा झोपाल, एवढंच. मैलांपेक्षा हे माप सरळ होतं. २७ ऑगस्टला, निघाल्यापासून दोन महिन्यांनी, ५७६ मैल पार करून बाई उंगाव्हा उपसागरावरच्या वखारीत पोचल्या. पीठ अजून शिल्लक होतं. जहाज यायचं होतं. वॉलेस आणि त्यांचा एक साथीदार पोचले १६ ऑक्टोबरला. बाकी तिघांना त्यांनी वाटेतूनच मागं धाडलं होतं.

मिनाबाईंच्या नकाशानं लो यांची तुटक रेघ सलग केली. १९०८ साली त्यांचं पुस्तक आलं, त्याच्या नावात 'अज्ञात लॅब्रडॉर' असे शब्द आहेत. अज्ञात कुणाला, हा प्रश्न आज विचारायला हवा. जिथं लोक अंतर झोपांनी मोजतात, तो मुलूख त्यांच्या पायाखालचाच असतो. तरी एक श्रेय बाईंना द्यायलाच हवं. जॉर्ज एल्सननं स्वतः सांगितलेली १९०३ ची हकीकत त्यांनी याच पुस्तकात छापली. वाटाड्याला स्वतःच्या शब्दांत बोलू देणारी प्रवासवर्णनं त्या काळात फार नव्हती.

तो नकाशा हाती घेऊन आज कुणी निघालं, तर फसेल. १९७१ मध्ये चर्चिल फॉल्सचं वीजकेंद्र सुरू झालं, त्याच्या स्मॉलवूड जलाशयात मिशिकमाउ बुडालं आणि नास्कॉपीचं वरचं पाणी वळवलं गेलं. इनूंच्या शिकारीच्या वाटाही पाण्याखाली गेल्या; त्यांना कुणी विचारलं नव्हतं. जॉर्ज नदीच्या कॅरिबूंचा कळप १९९० च्या दशकात सात लाखांच्या वर होता, तो २०१८ च्या मोजणीत साडेपाच हजारांवर आला. म्हणजे सलग झालेली रेघसुद्धा कायमची नसते. उपग्रहाचं चित्र खिशात असलं तरी, पलीकडच्या वळणावर काय आहे हे तिथं राहणाऱ्या माणसाला विचारून घ्यावं आणि तो सांगेल त्याहून पसाभर पीठ जास्तच बांधावं.