शोग्रेन संलक्षण
लाळग्रंथी व अश्रुग्रंथी यांचा स्वयंप्रतिरक्षाजन्य दाह. स्वीडिश नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. रुग्णांत सुमारे नऊ स्त्रियांमागे एक पुरुष आढळतो. ग्रंथींच्या नलिकांतील पेशी केवळ बळी ठरत नाहीत. इंटरफेरॉनच्या प्रभावाखाली त्या स्वतःच ‘बाफ’ हे संदेशवाहक प्रथिन स्रवतात. त्यावर बी-पेशी तगतात आणि रो व ला या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. या प्रतिपिंडांमुळे इंटरफेरॉन पुन्हा वाढते. रोगाची चिवटता या दुष्टचक्रात आहे. ओठाच्या आतील ग्रंथीच्या छेदात ४ चौ. मिमी. क्षेत्रात ५० किंवा अधिक लसीका पेशींचा पुंजका दिसल्यास निदानाला बळकटी येते. लाळ कमी झाल्याने कोरडा घास पाण्याशिवाय उतरत नाही. दात झपाट्याने किडतात. काही रुग्णांत लिंफोमा (लसीका पेशींचा कर्करोग) उद्भवतो, म्हणून कानाखालची ग्रंथी सतत सुजलेली राहिल्यास तपासणी लांबवू नये.