हृदयतालाचे विकार आणि निवासी डॉक्टरांचे प्रशिक्षण : एक ऐतिहासिक आढावा
(शिरपूर जैन परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या प्राचीन देवस्थानामुळे देशभर परिचित आहे. या गावातील शेतकऱ्याच्या किंवा तेथे आलेल्या यात्रेकरूच्या हृदयाचा ताल अकस्मात बिघडल्यास त्याला वाशीम, अकोला आणि प्रसंगी नागपूर असा प्रवास करावा लागतो. या प्रवासात त्याला प्रथम तपासणारा डॉक्टर बहुधा हृदयरोगतज्ज्ञ नसतो. तो वैद्यकीय अधिकारी असतो किंवा रुग्णालयात राहून पदव्युत्तर शिक्षण घेणारा निवासी डॉक्टर असतो. हृदयतालाच्या विकारांचे ज्ञान या डॉक्टरपर्यंत कसे पोहोचत गेले, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. यंत्रांनी ताल ओळखणे सुलभ केले. परंतु कृती करावी की न करावी हा निर्णय खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरकडेच राहिला व त्यासाठी मिळणारा वेळ उत्तरोत्तर कमी होत गेला, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. नाडीपासून आलेखापर्यंत

हृदयाच्या तालाची परीक्षा ही मुळात बोटांची विद्या होती. शार्ङ्गधरसंहितेत नाडीच्या गतीचे वर्णन साप, बेडूक, हंस यांच्या चालीच्या उपमांनी केलेले आढळते. युरोपात रॉबर्ट अ‍ॅडम्स (१८२७) व विल्यम स्टोक्स (१८४६) यांनी मंद नाडी आणि वारंवार येणारी मूर्च्छा यांचा संबंध दाखवून दिला. मात्र या लक्षणांमागील शरीररचना अज्ञात होती. पुढे विल्हेल्म हिस (१८९३), सुनाओ तवारा (१९०६) आणि कीथ व फ्लॅक (१९०७) यांच्या संशोधनातून हृदयातील विद्युत्‌वहनाचा मार्ग उलगडला. विल्यम आइंथोवेन यांनी तारेचे गॅल्व्हानोमीटर वापरून हृदयाचा विद्युत् आलेख स्पष्टपणे नोंदविला. त्याबद्दल त्यांना १९२४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. नाडीच्या पूर्णतः अनियमित गतीचे कारण एट्रियल फिब्रिलेशन हे आहे, असे थॉमस लुईस यांनी १९०९ मध्ये दाखविले. बोटांना जाणवणारी गोष्ट आता कागदावर उमटू लागली. तो कागद वाचणारी माणसे घडविणे हे त्यानंतरचे कार्य होते.

२. निर्णयाचे स्थलांतर

१९५६ मध्ये पॉल झोल यांनी छातीवरून विद्युत् धक्का देऊन घातक ताल पूर्ववत करता येतो हे सिद्ध केले. १९६० मध्ये बाल्टिमोर येथील कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी छाती न उघडता बाहेरून दाब देण्याची पद्धत मांडली. बर्नार्ड लाऊन यांनी १९६२ मध्ये अधिक सुरक्षित अशा एकदिश प्रवाहाच्या धक्क्याचा पुरस्कार केला. या शोधांमुळे अचानक थांबलेले हृदय पुन्हा चालू करणे शक्य झाले. पण त्याचा अवधी मिनिटांचा होता. छातीवर दाब न दिल्यास जगण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून १९६१ मध्ये डेस्मंड ज्यूलियन यांनी हृदयरुग्णांसाठी स्वतंत्र दक्षता कक्षाची कल्पना मांडली. पुढे अशा कक्षांतील परिचारिकांनाही तज्ज्ञाची वाट न पाहता धक्का देण्याचा अधिकार मिळाला. अधिकार पदावरून नव्हे तर रुग्णाजवळील उपस्थितीवरून ठरू लागला, हा वैद्यकीय शिक्षणाच्या इतिहासातील महत्त्वाचा बदल होय.

३. आलेखावर उपचार की रुग्णावर?

आलेखात दिसणारा प्रत्येक दोष दूर केला पाहिजे, ही समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. हृदयविकाराच्या झटक्यानंतर जादा ठोके पडणाऱ्या रुग्णांना ते ठोके दाबणारी औषधे दिली जात. अमेरिकेतील ‘कास्ट’ या चाचणीने या समजुतीला धक्का दिला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड दिलेल्या ७५५ रुग्णांपैकी ६३ दगावले, तर निष्क्रिय गोळी दिलेल्या ७४३ पैकी २६. आलेख सुधारला होता. माणसे मात्र अधिक संख्येने मरण पावली होती. ताल ओळखणे आणि उपचार ठरविणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, हा धडा निवासी डॉक्टरांच्या शिक्षणात तेव्हापासून केंद्रस्थानी येणे क्रमप्राप्त होते.

४. महाराष्ट्रातील वाटचाल

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये आणि केईएम रुग्णालय व सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज १९२६ मध्ये सुरू झाले. विदर्भाला नागपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मध्ये, सेवाग्रामची संस्था १९६९ मध्ये आणि अकोल्याचे शासकीय महाविद्यालय २००२ मध्ये लाभले. आलेखवाचनाचे शिक्षण या संस्थांतून प्रामुख्याने वॉर्डातील फेरीत, वरिष्ठाच्या शेजारी उभे राहून मिळत आले. डॉ. अस्पी गोलवाला यांचे विद्यार्थी व सामान्य व्यावसायिक यांच्यासाठी लिहिलेले ईसीजीवरील पुस्तक अनेक पिढ्यांच्या हाती राहिले. परंतु एम. डी.ची तीन वर्षे व त्यानंतर डी. एम.ची तीन वर्षे या चौकटीत तालविकारांचे सखोल ज्ञान दुसऱ्या टप्प्यासाठी राखीव राहिले. रात्रपाळीला रुग्ण पाहणारा डॉक्टर मात्र पहिल्या टप्प्यातील असतो. ही विसंगती लक्षणीय आहे.

५. ग्रामीण अनुभवाचे योगदान

यंत्राविना केलेल्या निरीक्षणाचे सामर्थ्य डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कार्यातून दिसते. नागपूर येथे शिकलेल्या या डॉक्टरांनी रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण पाहिले. उलटी, घाम, गार पडलेले हातपाय ही हृदयावरील आघाताची पूर्वसूचना होय, हे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मधून मांडले आणि पुढे प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखविला. बिट्टी अर्थात पिवळ्या कण्हेरीच्या बियांचे उदाहरणही असेच बोलके आहे. त्यांतील द्रव्य डिजिटॅलिससारखे कार्य करून हृदयाची गती धोकादायकरीत्या मंद करते. येथे आलेखाइतकाच ‘रुग्णाने काय खाल्ले?’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. नातेवाईक संकोचामुळे ही बाब लपवितात. ती विश्वासाने काढून घेणे हेही प्रशिक्षणाचेच अंग होय.

स्वस्त उपायांचाही यात समावेश होतो. ब्रिटनमध्ये ४२८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जोर लावून श्वास रोखल्यानंतर रुग्णाला लगेच आडवे करून त्याचे पाय उचलल्यास सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया थांबण्याचे प्रमाण १७ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. यासाठी ना औषध लागते ना यंत्र. याउलट, रुंद लहरींचा जलद ताल दिसताच तो जवनिकेतून उद्भवलेला मानून वागावे आणि वेरापामिल देण्याची घाई करू नये, हा संयमही शिकवावा लागतो. रक्तदाब कोसळलेला असेल तर चर्चेत वेळ न दवडता विद्युत् धक्का द्यावा, हे त्याच शिक्षणाचे दुसरे टोक होय.

६. अलीकडील बदल

२०२० मध्ये अधिसूचित झालेल्या जिल्हा निवासी कार्यक्रमानुसार पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काम करणे बंधनकारक झाले. २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीने प्राथमिक व प्रगत हृदय-जीवनरक्षक कौशल्यांचा अभ्यासक्रमही आवश्यक केला. वाशीमचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्याने नागपूरचा प्रवासही जलद झाला. तथापि व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये मिनिटांचाच हिशेब असल्याने कोणताही महामार्ग जवळच्या प्रशिक्षित हातांची जागा घेऊ शकत नाही.

निष्कर्ष

१. हृदयताल-विज्ञानातील प्रत्येक शोधाने निर्णयाची जबाबदारी तज्ज्ञाकडून खाटेजवळच्या डॉक्टरकडे सरकविली.
२. प्रमाणपत्राने कौशल्याचा आरंभ होतो; ते टिकविण्यासाठी ठरावीक काळाने पुनःसराव, प्रत्येक मृत्यूची निर्भय चर्चा आणि रात्री दूरध्वनीवर उपलब्ध असणारा वरिष्ठ आवश्यक आहे.
३. जिल्ह्यातील तीन महिन्यांकडे केवळ मनुष्यबळाची सोय म्हणून न पाहता विंचूदंश, विषबाधा व संधिवाताच्या तापाने झडप निकामी झालेले रुग्ण पाहण्याची शैक्षणिक संधी म्हणून पाहावे.

महानगरातील विशेष कक्षात विकसित झालेले ज्ञान शिरपूर जैनसारख्या गावातील रुग्णाच्या उपयोगी पडते की नाही, हे अखेरीस त्या रात्री कर्तव्यावर असलेल्या तरुण डॉक्टरच्या तयारीवर अवलंबून असते. ती तयारी करून देणे हे अध्यापकांचे उत्तरदायित्व आहे.