काळारामाच्या चार दरवाजांपाशी

नाशिकला येणाऱ्या यात्रेकरूची वाट ठरलेली असते. रामकुंडावर स्नान, मग काळाराम, सीतागुंफा, आणि वेळ उरला तर पांडवलेणी. याच वाटेवर आमच्या चळवळीचे एक मोठे प्रकरण घडले, पण देवदर्शनाला निघालेल्या माणसाच्या ते ध्यानीमनीही नसते.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवते. दरवर्षी वर्गातील कोणीतरी हमखास विचारतो, "मॅडम, जो देव पुढे आपण सोडलाच, त्याच्या देवळात शिरण्यासाठी आपल्या माणसांनी मार का खाल्ला?" हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. त्याच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला आहे : हा लढा फुकट गेला काय?

काळारामाचे देऊळ पेशवाईतील सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधले. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुमारे पंधरा हजार अस्पृश्यांची मिरवणूक त्याच्या दारी आली. भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही माणसे उभी केली होती. दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तेथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रियांची पहिली तुकडी देवळाच्या चारही दरवाजांपुढे बसली. त्या २५ स्त्रियांकडे आपल्या इतिहासकारांनी पुरेसे पाहिलेले नाही, हे येथे नमूद करावयास हवे.

याच महिन्यात, १२ मार्चला, गांधीजी दांडीला निघाले. तो सत्याग्रह परक्या सरकारच्या कायद्याविरुद्ध होता. नाशिकचा सत्याग्रह आपल्याच गावातील, आपल्याच धर्माचे म्हणवणाऱ्या शेजाऱ्यांविरुद्ध होता. मिठाच्या सत्याग्रहाचा धडा प्रत्येक पाठ्यपुस्तकात सापडतो. नाशिकचा सत्याग्रह एखाद्या ओळीत उरकला जातो.

९ एप्रिलला रामाच्या रथाचा दिवस होता. दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रथ ओढावा असा समझोता झाला होता. परंतु सत्याग्रही दोराला हात लावण्यापूर्वीच स्पृश्यांनी रथ पळविला. दगडफेक झाली, डोकी फुटली. एका दोराला दोन जातींचे हात लागणेही ज्यांना सोसले नाही, ते गाभाऱ्यात कोणाला येऊ देणार होते?

लढा अधूनमधून थांबत पुढे चार वर्षे चालला. ३ मार्च १९३४ च्या पत्रात बाबासाहेबांनी दादासाहेबांना तो थांबवावयास सांगितले. आपल्या लोकांना मूर्तिपूजक बनविण्यासाठी ही चळवळ नव्हती, त्यांना जागे करण्याचा तो उत्तम मार्ग होता, असा त्या पत्राचा आशय आहे. आता शक्ती राजकारणाकडे आणि शिक्षणाकडे वळवावी, असे त्यांनी सुचविले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यास त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले आणि १९५६ साली नागपुरास ते खरे केले. काळारामाच्या दारापासून दीक्षाभूमीपर्यंतचा रस्ता असा सलग आहे. दार उघडले असते तर तो रस्ता कदाचित इतका स्पष्ट दिसला नसता.

पुढे १९४७ च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने अस्पृश्यांना मंदिरप्रवेशाचा हक्क दिला. त्यानंतरचे एक घरचे उदाहरण सांगते. माझे पणजोबा निफाडकडच्या खेड्यातून भाकरी बांधून या सत्याग्रहाला चालत आले होते, असे आमच्या घरात सांगतात. घरात पहिली पदवी माझी. मागल्या वर्षी आजी डोळे दाखवायला नाशिकला आली, तेव्हा मी तिला पंचवटीत नेले. पूर्वेच्या दरवाजापाशी ती थांबली. उंबऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मी म्हटले, "आजी, आत जायचं का? आता कोणी अडवत नाही."

"मामंजी इथंच बसले व्हते ना? मग झालं," ती म्हणाली. "आत माझं काय काम?"

तेथून आम्ही त्रिरश्मीच्या पायथ्याच्या बुद्धविहारात गेलो. वर डोंगरात लेण्यांतील शिलालेख या डोंगराला त्रिरश्मीच म्हणतात. बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेल्या त्या लेण्यांना पांडवांचे नाव लोकांनी मागाहून चिकटविले. विहारात आजीने कोणी न सांगता हात जोडले.

माझ्या विद्यार्थ्यांना मी आता एवढेच सांगते : पणजोबांना दर्शन हवे नव्हते, 'तू येऊ नकोस' असे म्हणण्याचा दुसऱ्याचा अधिकार त्यांना मोडावयाचा होता. अडविलेल्या माणसाने पाठ फिरविली तर लोक त्याला हार म्हणतात. ज्याला दार मोकळे आहे त्याने पाठ फिरविली तर तो त्याचा निर्णय असतो. आजीला तो निर्णय घेता आला, तो त्या दरवाजांपाशी बसलेल्या माणसांमुळे.