क्षमा, तडजोड आणि ऑनलाइन थेरपिस्ट : एक छोटा इतिहास

"जाऊ दे, माफ करून टाक." हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलेच असेल. भावाने वाटणीत फसवले, नवऱ्याने विश्वास मोडला, वडिलांनी लहानपणी बेदम मारले, भागीदाराने पैसे बुडवले. कारण कोणतेही असो, सल्ला एकच. सल्ला देणारे चहा पिऊन निघून जातात आणि तुम्ही रात्री दोन वाजता आढ्याकडे बघत पडलेले असता. मग एखाद्या रात्री मोबाइलवर शोध सुरू होतो : माफ करायला मदत करणारा थेरपिस्ट ऑनलाइन मिळेल का?

बारामती किंवा इंदापूर तालुक्यातून असा शोध घेणाऱ्याच्या मनात साधारण दोन शंका असतात. एक, माफ करणे ही धर्माची आणि संस्काराची गोष्ट, त्यात डॉक्टरचे काय काम? दोन, स्क्रीनवरच्या अनोळखी माणसाशी बोलून मनातली अढी जाते का? या दोन्ही शंकांना इतिहासात बरीच उत्तरे सापडतात. म्हणून आज जरा मागे जाऊन पाहू.

अढी शरीराला कळते

आधी आरोग्याचा भाग. २००१ मध्ये अमेरिकेतील शार्लट विटव्हलिएट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ७१ विद्यार्थ्यांना त्यांना दुखावणारी व्यक्ती आठवायला सांगितली. कधी मनात राग घोळवायचा, कधी त्या व्यक्तीकडे क्षमेच्या नजरेने पाहायचे. राग घोळवताना हृदयाचे ठोके वाढले, रक्तदाब वाढला, घामही वाढला. क्षमेची कल्पना करताना हा ताण कमी दिसला.

यावरून "राग धरला की हार्ट अटॅक येतो" असे सिद्ध होत नाही. पण एकच प्रसंग मनात रोज दहा वेळा घडत असेल, तर शरीर दहा वेळा ताणाखाली जाते, एवढे समजून घ्या. झोप उडणे, डोके दुखणे, पित्त, चिडचिड, या तक्रारींच्या मागे कधी कधी एखादी जुनी जखम असते.

आपल्या भागातल्या जुन्या सोयी

आपल्या भागात क्षमेसाठी पूर्वीपासून काही सोयी होत्या. कवी मोरोपंत (१७२९ ते १७९४) यांचे आयुष्य बारामतीत गेले. त्यांची 'केकावली' म्हणजे मोराने फोडलेला आर्त टाहो. स्वतःला अपराधी मानून देवाकडे दयेची याचना करणारे हे काव्य आहे. चुकलेल्याने क्षमा कशी मागावी, याची भाषा अशा काव्यांनी आणि कीर्तनांनी लोकांना दिली.

इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर हे वालचंद हिराचंद यांनी उभे केलेले उद्योगनगर. ते जैन कुटुंबातले. जैन परंपरेत क्षमेसाठी वर्षाचा एक दिवसच राखून ठेवलेला आहे. दिगंबर समाजाच्या दशलक्षण पर्वाची सुरुवात 'उत्तम क्षमा' या धर्माने होते आणि पर्व संपल्यावर क्षमावणीला लोक एकमेकांची क्षमा मागतात आणि देतातही. श्वेतांबर परंपरेत दूर असलेल्या आचार्यांना क्षमायाचनेची विज्ञप्तिपत्रे पाठवत. १६१० च्या सुमाराचे आग्र्याचे असे एक चित्रमय पत्र प्रसिद्ध आहे. म्हणजे समोर नसलेल्या माणसाशी क्षमेचे बोलणे करता येते, ही कल्पना मोबाइलच्या साडेतीनशेहून अधिक वर्षे आधीची आहे.

तिसरी सोय वारीची. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम करत सराटीकडे जाते. वाटेत वारकरी एकमेकांना 'माउली' म्हणतात, वय आणि मान न पाहता एकमेकांच्या पाया पडतात. एरवी ज्याच्यापुढे मान झुकत नाही त्याच्यापुढेही तिथे ती झुकते.

आणि चौथी सोय पंचांची. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचे, शिवेचे, भाऊबंदकीचे वाद गोतसभेपुढे जात. निवाड्याचा महजर तयार होई, हरलेल्या पक्षाकडून यजितखत लिहून घेतले जाई. याच वाटेवरचा अलीकडचा टप्पा म्हणजे २००७ साली १५ ऑगस्टला सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. गावातले तंटे गावातच सामोपचाराने मिटावेत, हा तिचा हेतू.

या सोयींनी पुष्कळ घरे वाचवली. पण त्यांचे काम नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. पंच तंटा मिटवत, म्हणजे तडजोड घडवत. सण आणि वारी क्षमेचा शब्द उच्चारायची संधी देत. या दोन्हींच्या मधला भाग, म्हणजे ज्याला लागले आहे त्याने आपल्या मनातल्या रागाचे आणि दुःखाचे काय करायचे, हा ज्याचा त्याच्यावर सोडलेला होता. महजराने शीव ठरे; झोप परत येईलच असे नव्हते.

"माफ कर आणि सही कर"

क्षमा आणि तडजोड यांची गल्लत किती महाग पडते, याचे आपल्याकडचे उदाहरण म्हणजे बहिणीचे हक्कसोडपत्र. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो देशभर आला. बागायती जमिनीला सोन्याचा भाव असलेल्या तालुक्यांत त्यानंतर बहिणींच्या सह्यांना महत्त्व आले. अनेक घरांत बहिणीला सांगितले जाते, "भावाला माफ कर, माहेर तुटू देऊ नकोस." आणि लगेच पुढे कागद ठेवला जातो.

इथे तीन वेगळ्या गोष्टी एका वाक्यात कोंबल्या जातात. भावाबद्दलचा राग सोडणे ही क्षमा. पुन्हा येणे-जाणे सुरू करणे हा समेट. जमिनीवरचा हक्क सोडणे हा व्यवहार. यांतली एक गोष्ट केली म्हणून दुसरी करायलाच हवी असे अजिबात नाही. तुम्ही भावाला मनापासून माफ करून कोर्टातला दावा चालू ठेवू शकता. मारहाण करणाऱ्या नवऱ्याबद्दलचा राग सोडून त्याच्या घरी परत न जाणेही योग्य असू शकते. आणि माफ न करण्याचाही तुम्हाला अधिकार आहे. ही फोड करून दाखवणे, हे मानसोपचाराचे या विषयातले मोठे योगदान.

मानसोपचार क्षमेकडे कसा वळला

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी पद्धत मांडली, तिला मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. माणसाच्या कृत्याला वाईट म्हणा, पण त्या कृत्यावरून संपूर्ण माणसाचे मोल ठरवू नका, असे एलिस सांगत. "त्याने असे वागायला नको होते" ही इच्छा रास्त आहे. "त्याने असे वागताच कामा नये होते" हा हट्ट आपल्यालाच जाळतो. मराठी माणसाला हा विचार कळला तो बराचसा मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांच्यामुळे. त्यांनी ही पद्धत एलिस यांच्याशी अनेक वर्षे चाललेल्या पत्रव्यवहारातून आत्मसात केली आणि भारतात रुजवली.

क्षमेवर थेट संशोधन सुरू झाले १९८० च्या दशकात. विस्कॉन्सिन विद्यापीठातील रॉबर्ट एनराइट यांनी उपचाराचे चार टप्पे मांडले. आधी राग आणि झालेले नुकसान उघडपणे ओळखायचे. मग क्षमेचा मार्ग धरायचा की नाही हे ठरवायचे. त्यानंतर दुखावणाऱ्याकडे माणूस म्हणून पाहण्याचे काम, आणि शेवटी या सगळ्यातून स्वतःसाठी काही अर्थ शोधणे. क्रम पाहा : रागाला आधी जागा आहे, क्षमेचा निर्णय नंतर. आपल्या घरांत नेमके उलटे होते.

दुसरे संशोधक एव्हरेट वर्दिंग्टन. ते क्षमेवर काम करत असतानाच, १९९६ च्या नववर्षाच्या सुमारास, त्यांच्या आईचा घरात शिरलेल्या चोराकडून खून झाला. आपली पद्धत त्यांना स्वतःवरच वापरून पाहावी लागली.

अशा उपचारांवरील ५४ अभ्यास २०१४ मध्ये एकत्र तपासले गेले. उपचार घेणाऱ्यांत क्षमाभाव वाढला, नैराश्य आणि चिंता कमी झाली. जास्त काळ चाललेल्या उपचारांचा आणि एकट्याने घेतलेल्या थेरपीचा फायदा अधिक दिसला. २०२४ मध्ये पाच देशांतील साडेचार हजारांहून अधिक लोकांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लोकांनी काही तासांची कार्यपुस्तिका स्वतःच सोडवली होती. तेवढ्यानेही फरक पडला. म्हणजे पहिल्या शंकेचे उत्तर : क्षमा शिकता येते, आणि तिथे उपचाराला जागा आहे.

दुरून उपचार : हेही नवे नाही

दुसरी शंका अंतराची. फ्रॉइड यांनी १९०९ मध्ये हान्स नावाच्या लहान मुलाच्या भीतीवरील उपचारांची हकिकत प्रसिद्ध केली. ते उपचार मुख्यतः मुलाच्या वडिलांमार्फत झाले. ते फ्रॉइड यांना मुलाबद्दल कळवत आणि त्यांचा सल्ला घेत. अमेरिकेत नेब्रास्का येथील मनोविकार संस्थेने १९५९ पासून दुहेरी टीव्हीवरून गटोपचार करून पाहिले आणि १९६४ मध्ये ११२ मैलांवरच्या, म्हणजे सुमारे १८० किलोमीटर दूरच्या, रुग्णालयाशी स्वतःला जोडून घेतले. इंदापूर ते पुणे अंतर याहून कमी आहे.

भारतात चेन्नईच्या 'स्कार्फ' संस्थेने २०१० मध्ये तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात टेलि-सायकिअॅट्रीची बस गावोगाव फिरवली. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने डॉक्टरांसाठी टेलिमेडिसिनचे नियम जाहीर केले आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलि-मानस' ही मोफत सेवा सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. मराठीतही बोलता येते.

आता तुम्ही शोधताना

हा इतिहास हाताशी ठेवून थेरपिस्ट निवडा.

शिक्षण विचारा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअॅट्रिस्ट हा डॉक्टर असतो, त्याची मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी असते आणि तो औषधे देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका. नुसत्या 'समुपदेशक' या शब्दावरून शिक्षण कळत नाही, तेव्हा पदवी कोणती आणि कुठली, हेही विचारा.

पहिल्या भेटीत एक प्रश्न जरूर विचारा : "मला माफ करायचे की नाही हे अजून ठरलेले नाही, तरी तुम्ही मदत कराल का?" चांगला थेरपिस्ट हो म्हणेल आणि आधी तुमचे ऐकून घेईल. पहिल्याच तासात "माफ करा, मोकळे व्हा" म्हणणारा, चार दिवसांत राग घालवण्याची हमी देणारा, किंवा न विचारता घरच्यांशी समेट घडवायला निघालेला माणूस टाळा.

भाषा महत्त्वाची. शिव्या, माहेरचे शब्द, आईची वाक्ये ज्या भाषेत मनात घुमतात त्याच भाषेत बोलता आले पाहिजे. मराठी बोलणारा थेरपिस्ट पुण्या-मुंबईत बसलेला असला तरी चालेल.

गुप्तता दोन्ही बाजूंनी लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे. पण घरात भिंतीपलीकडे सासूबाई किंवा दीर असतील तर कायदा उपयोगी पडत नाही. इअरफोन, बंद खोली, उभी केलेली गाडी, मैत्रिणीचे घर, जे जमेल ते आधी ठरवा. बोलणे रेकॉर्ड होते का, हेही विचारून घ्या. दूरचा, ओळखीपाळखीत नसलेला थेरपिस्ट हा लहान गावात उलट फायद्याचा ठरतो, कारण गोष्ट गावात फिरत नाही.

काही वेळा ऑनलाइन पुरेसे नसते. जीव द्यावासा वाटत असेल, कोणाला इजा करावीशी वाटत असेल, किंवा अनेक दिवस झोप आणि जेवण सुटले असेल, तर जवळच्या रुग्णालयात प्रत्यक्ष जा. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रात्री-अपरात्री १४४१६ किंवा ११२ लावा. घरात मारहाण चालू असेल तर क्षमेचा विषय बाजूला ठेवा. आधी सुरक्षित व्हा. महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे.

आणि हे सुरू असताना कोणी कागद पुढे केला, तर थांबा. सहीचा सल्ला वकिलाकडून घ्या आणि मनाचा थेरपिस्टकडून. दोन्हींची तारीख एकच असण्याचे काही कारण नाही.